हजेरी वाढली म्हणजे मेंटरिंग चाललं, असं म्हणायचं का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मेलबर्नला असते, आयटीत आहे, आणि गेली दोन वर्षं दर बुधवारी एका सरकारी शाळेत ॲबोरिजिनल (इथल्या मूळ रहिवासी समाजातल्या) मुलांच्या मेंटरिंगला जाते. नववी ते बारावीची वीसेक मुलं आहेत. आता फंडिंग रिन्यू करायचंय, तर कोऑर्डिनेटर म्हणाली तुला डेटातलं कळतं, तूच इम्पॅक्ट रिपोर्ट लिही. माझ्याकडे बुधवारची हजेरी आहे, नॅपलानचे, म्हणजे वाचन-लेखन-गणिताच्या देशभरातल्या चाचणीचे निकाल आहेत आणि मुलांनी भरलेले फीडबॅक फॉर्म आहेत, त्यात सगळ्यांनी छान छानच लिहिलंय. यातून आकडा काढू तरी कुठला?

उत्तर : आकडा नंतर काढा, आधी जुनी वही काढा. पहिल्या वर्षी फेब्रुवारीत पहिल्या बुधवारी ज्यांची नावं त्या वहीत होती ती सगळी एका कागदावर उतरवा, आज येत असोत नसोत. कारण तुमचे फॉर्म भरलेत ते टिकलेल्या मुलांनी, जी सोडून गेली त्यांना कुणी फॉर्म दिलाच नाही, मग छान छान येणारच ना.

समजा सुरुवातीला वीस नावं होती, शेवटी बारा उरली आणि त्यातली अकरा बारावी पास झाली. रिपोर्टमधे लोक लिहितात 92 टक्के. वीस धरले तर होतात 55. पण 55 सुद्धा खरे नाहीत हो, कारण जी आठ गेली ती कुठे गेली हे अजून आपण विचारलंच नाही. एखादी मुलगी आजीकडे दुसऱ्या गावी, शेपर्टनला राहायला गेली आणि तिथल्या शाळेत शिकतेय, एखादा इलेक्ट्रिशियनच्या अप्रेंटिसशिपला लागला. शाळेच्या लेखी तो गळाला, पण क्लोजिंग द गॅपच्या, म्हणजे मूळ रहिवासी आणि बाकीच्यांमधली दरी कमी करण्यासाठीच्या 2020 च्या राष्ट्रीय करारात बारावीसोबत सर्टिफिकेट थ्री (व्यवसाय शिक्षणाचा कोर्स) सुद्धा धरतात, म्हणजे त्याने कोर्स पूर्ण केला की तो यशातच मोजला जाणार. (त्या करारातलं टार्गेट आहे 2031 पर्यंत 20 ते 24 वयातल्या 96 टक्के मूळ रहिवासी तरुणांचं, 2021 च्या सेन्ससमधे ते साधारण 68 होतं.) म्हणून त्या आठ घरी फोन करा, खरं तर तुम्ही नका करू, शाळेशी जोडलेले केसो, म्हणजे कूरी (तुमच्या भागातले ॲबोरिजिनल लोक स्वतःला कूरी म्हणवतात) एंगेजमेंट सपोर्ट ऑफिसर असतात, त्यांना विनंती करा, घरचे त्यांच्याशी मोकळं बोलतील. तुमच्या रिपोर्टमधलं सगळ्यात मोलाचं पान हेच असणार आहे.

बुधवारच्या हजेरीवर फार विसंबू नका. मेंटरिंगला येणारा मुलगा त्या दिवशी शाळेत असतोच, ते काही सिद्ध होत नाही. मंगळवारी आणि गुरुवारी तो येतो का ते शाळेकडून घ्या, आणि तुमच्याकडे येण्याआधीच्या वर्षी किती यायचा तेही, म्हणजे त्याची तुलना त्याच्याशीच होईल. आणि दोन-तीन आठवड्यांची सलग गैरहजेरी दिसली की लगेच मेंटरिंग फेल समजू नका. कुटुंबात कुणी गेलं की सॉरी बिझनेससाठी, म्हणजे त्यांच्या दुखवट्याच्या विधींसाठी सगळे लांब गावी जातात, तिथे मुलाने असणं हीच त्याची जबाबदारी असते. मी स्वतः माझ्या पहिल्या रिपोर्टमधे अशा एका मुलाला 'अनियमित' लिहिलं होतं आणि त्याच्या आँटीने (तिथे मोठ्यांना अंकल-आँटीच म्हणतात) मला शांतपणे विचारलं की तो परत आला त्या दिवशी त्याच्याशी कोण बोललं हे लिहिलंस का? नव्हतं लिहिलं. तेव्हापासून 'परत आल्यावर पहिल्या आठवड्यात काय झालं' हा रकाना मी कायम ठेवते.

नॅपलानचं थोडक्यात. ती फक्त तिसरी, पाचवी, सातवी, नववीला होते, आणि 2023 पासून मे ऐवजी मार्चमधे, स्केलही नवं, त्यामुळे 2022 पर्यंतचे मार्क्स त्यानंतरच्यांना लावून 'वाढ' दाखवता येत नाही. वीस मुलांत एक मूल म्हणजे पाच टक्के, तेव्हा टक्के टाळा, सरळ 'वीसपैकी चौदा' लिहा.

एक गोष्ट मात्र नक्की मोजा, जी कुणीच मोजत नाही : मेंटर किती टिकले. अमेरिकेत बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स या मेंटरिंग संस्थेवर झालेल्या अभ्यासाचा निकाल 2002 मधे आला, त्यात वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा दिसला आणि ज्यांची जोडी तीन महिन्यांच्या आत तुटली त्यांचा स्वतःबद्दलचा आदर उलट घसरला. अर्धवट सोडलेलं मेंटरिंग मुलाला लागतं हो, फार लागतं. तेव्हा किती मेंटर मधेच गेले आणि त्यांनी मुलाचा नीट निरोप घेतला का हे लिहा, फंडिंगवाल्यांना आवडलं नाही तरी लिहा.

आणि 'यश' कशाला म्हणायचं हे फंडिंगवाल्यांच्या फॉर्मवरून ठरवू नका, मुलांच्या घरच्यांना विचारा. एक आई म्हणेल बारावी, दुसरी म्हणेल आमचा मुलगा आता वर्गात आपण कूरी आहोत हे सांगायला कचरत नाही. दोन्ही लिहा.

प्रश्न : (त्याच वाचकाचा) नावं काढून टाकली की रिपोर्ट वेबसाइटवर टाकायला हरकत नाही ना?

उत्तर : आहे. वीस मुलांच्या गटात 'बारावीतली एकुलती एक मुलगी' एवढं लिहिलं तरी अख्ख्या शाळेला कळतं ती कोण. शिवाय ही माहिती त्यांची आहे, 2020 च्या करारातला चौथा मोठा मुद्दाच मुळी डेटा समाजाच्या हातात देण्याचा आहे. कच्चा रिपोर्ट आधी घरच्यांसमोर वाचून दाखवा, ते जे वाक्य काढ म्हणतील ते काढा, आणि मगच फंडिंगवाल्यांना पाठवा. दोन आठवडे उशीर होईल, तसं कोऑर्डिनेटरला आत्ताच सांगून ठेवा.