चार्जर लावूनही गेमिंग लॅपटॉपची बॅटरी उतरते. बॅटरी बदलावी का?

बॅटरी एवढ्यात विकत घेऊ नका. तुम्ही तीन त्रास सांगितले आहेत: चार्जिंग 80 टक्क्यांवर अडते, चार्जर लावून गेम खेळताना तेही उतरत पन्नाशीला येते, आणि पावसाळा लागल्यापासून पिन हलवल्याशिवाय चार्जिंग सुरूच होत नाही. दुकानदाराने तिन्हींवर ‘बॅटरी गेली’ असे एकच निदान केले. मला मात्र या तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात, आणि त्यांतली एक तर बहुधा बिघाडच नाही. मी रत्नागिरीजवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो आणि बरीच वर्षे स्वतःचे व शेजाऱ्यापाजाऱ्यांचे लॅपटॉप उघडत आलो आहे. त्यामुळे तुमच्या गुहागरच्या हवेत या यंत्रांचे काय होते, याचा मला अंदाज आहे.

आधी 80 टक्क्यांचे पाहू. सतत भरलेल्या आणि गरम अवस्थेत ठेवलेल्या लिथियम बॅटरीचे आयुष्य लवकर सरते, म्हणून बहुतेक गेमिंग लॅपटॉपांत चार्जिंग 80 किंवा 60 टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. कंपनीने दिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ती मर्यादा शोधून एकदा बंद करून पाहा. चार्जिंग शंभरापर्यंत गेले तर हा विषय तिथेच मिटला, आणि मर्यादा पुन्हा चालू केलेलीच बरी.

बॅटरीची खरी अवस्था तपासायला दुकानात जावे लागत नाही. विंडोजमधल्या कमांड प्रॉम्प्टवर ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ असे इंग्रजीत टंकले की एक अहवाल तयार होतो. तो कुठे साठवला ते तिथेच लिहून येते, आणि तो ब्राउझरमध्ये उघडून पाहायचा. त्यात मूळ क्षमता आणि सध्या पूर्ण भरल्यावरची क्षमता असे दोन आकडे मिलिवॅट-तासांत दिलेले असतात. समजा, पहिला 80,000 आणि दुसरा 65,000 असेल, तर अडीच वर्षांच्या वापराला ती झीज साजेशीच आहे. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याच्याही खाली असेल, तर मात्र दुकानदाराचे म्हणणे खरे मानावे लागेल.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही जाता जाता लिहिले आहे की मूळ अडॅप्टर जूनमधल्या विजांत गेला आणि तुम्ही ‘याच पिनेचा’ दुसरा आणलात. मला संशय आहे तो इथेच. पिन बसली म्हणजे अडॅप्टर जुळला, असे गेमिंग लॅपटॉपच्या बाबतीत म्हणता येत नाही. अडॅप्टरच्या पाठीवर ‘आउटपुट’ या शब्दापुढे व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. 19.5 व्होल्ट आणि 11.8 अँपिअर असतील तर तो 230 वॅटचा आहे. व्होल्ट तेच पण अँपिअर 6.15 असतील तर 120 वॅटचा. खेळ रंगात असताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून 170-180 वॅट सहज ओढतात. अडॅप्टर 120 वॅटचा असेल तर वरचे पन्नास-साठ वॅट बॅटरीतून जातात, आणि चार्जर लावलेला असूनही टक्के उतरत राहतात. काही मॉडेलांत मूळ अडॅप्टर असतानाही ऐन भरात बॅटरीचा थोडा हातभार लागतो. दोन-चार टक्के गेले तर चिंता नको, तीस टक्के जाणे मात्र उपासमारीचे लक्षण आहे. टाइप-सी चार्जरचेही तसेच. तो 100 वॅटचा असेल तर लिखाणाला उत्तम, पण खेळाला अपुरा.

यात आणखी एक खोच आहे. काही कंपन्यांच्या पिनेत मधोमध सुईसारखी बारीक तार असते, आणि तिच्यावाटे लॅपटॉप अडॅप्टरला त्याची क्षमता विचारतो. ती सुई वाकली, आतली तिसरी वायर तुटली किंवा बाजारच्या अडॅप्टरमध्ये ती जोडणीच नसली, तर लॅपटॉप चालतो पण बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसरचा वेगही मुद्दाम उतरवला जातो. अशा वेळी मल्टिमीटर नेमके 19.5 व्होल्ट दाखवतो आणि माणूस फसतो. म्हणून कोणाचा तरी त्याच मॉडेलचा मूळ अडॅप्टर तासभर मागून आणा आणि लावून पाहा. या चाचणीला एक पैसा लागत नाही, आणि नेमकी तीच करायची राहून जाते.

पिन हलवण्याचा त्रास अडॅप्टर बदलूनही राहिला, तर दोष लॅपटॉपच्या जॅकमध्ये, म्हणजे पिन बसते त्या खोबणीत आहे आणि त्यात आपल्या हवेचा वाटा मोठा आहे. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मीठ धातूवर बसते, पावसाळी दमट हवेतले पाणी ओढून घेते, आणि तांब्या-पितळेवर हिरवट थर धरतो. तो थर दिसायला क्षुल्लक असतो, पण हिशेब करून पाहा: 11 अँपिअरच्या वाटेत एक दशांश ओहमचा अडथळा आला, तरी त्या टिचभर जागेत सुमारे 12 वॅट उष्णता तयार होते, म्हणजे 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या जवळजवळ निम्मी. अर्धा तास खेळल्यावर पिनेच्या बुडाला बोट लावून पाहा. चटका बसत असेल तर खेळणे त्याच दिवशी थांबवा. स्वतः साफ करायचे असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करून, अडॅप्टर काढून आणि शक्य असल्यास आतली बॅटरी सोडवून 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण सुकू द्या. तेल किंवा रॉकेल लावू नका.

2021 च्या पावसाळ्यात माझ्याच लॅपटॉपचे असे झाले होते. एका दुकानात मला बॅटरी बदलायला लावली, आणि नवी बॅटरी घातल्यावर दोन दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी उघडून पाहिले, तर जॅकच्या एका पायाचे सोल्डर तडकलेले आणि भोवती हिरवी पूड. बऱ्याच मॉडेलांत हा जॅक छोट्या वायरीवर वेगळा असतो आणि तो सुटा बदलता येतो. बॅटरीच्या मानाने हा खर्च अगदी किरकोळ असतो.

लॅपटॉप अजिबातच सुरू झाला नाही, तर अडॅप्टरवरचा दिवा पाहा. पिन खुपसताक्षणी तो विझत असेल तर बहुधा बोर्डवर कुठेतरी शॉर्ट आहे. पुन्हापुन्हा खुपसून बघू नका, चिप-लेव्हल काम करणाऱ्याकडेच, म्हणजे बोर्डवरचे सुटे भाग दुरुस्त करणाऱ्याकडेच न्या. दिवा पेटलेलाच राहत असेल तर अडॅप्टर काढा, पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून धरा आणि मग पुन्हा प्रयत्न करा. साध्या अडेलपणावर हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो.

घरच्या विजेबद्दलही सांगायला हवे. अडॅप्टर 100 ते 240 व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे संध्याकाळी दाब उतरल्याने तो सहसा मरत नाही. त्याचा घात होतो तो वीज कडाडताना आणि गेलेली लाईट परत येतानाच्या झटक्याने. लाईट गेली की प्लग काढावा, आणि आल्यावर पाच मिनिटे थांबून लावावा. लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटत असेल तर तो लॅपटॉपचा दोष नसून बहुधा घराचे अर्थिंग कच्चे आहे. जांभ्याच्या कातळात अर्थिंग मुळातच कठीण, उन्हाळ्यात खड्डा सुकला की आणखी कठीण. वायरमनला बोलावून ते मोजून घ्या. अर्थिंग धड नसेल तर महागड्या स्पाइक गार्डवर फार विसंबू नका.

यातल्या कशाच्याही आधी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून पाहा. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगून लॅपटॉप डुगडुगत असेल तर बॅटरी फुगली आहे, आणि मग वरचे सारे निदान बाजूला ठेवून चार्जिंग ताबडतोब बंद करा. ती टोचू नका, दाबू नका, घरच्या कचऱ्यातही टाकू नका. तसे काही नसेल तर अहवालातले दोन आकडे आणि दोन्ही अडॅप्टरांवरचे अँपिअर इथे लिहा. जुना जळलेला अडॅप्टर टाकून दिला नसेल, तर त्याच्या पाठीवरही ते असतीलच.