वाचकांचे प्रश्न : जुनी केबिन क्रूझर घेताना

प्रश्न : मुंबईत एक 28 फुटी केबिन क्रूझर (झोपायची केबिन असलेली मोटरबोट) विकायला आहे. अमेरिकी बनावट, 2004 चं मॉडेल, एकच पेट्रोल व्ही-8 इंजिन (260 हॉर्सपॉवर), मर्क्रूझर या ब्रँडचा अल्फा स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, पंखा फिरवणारा ड्राइव्ह बोटीच्या मागे बाहेर). मीटरवर 310 तास. मालक म्हणतात, फारशी वापरलेलीच नाही. घेण्याआधी काय तपासावं? आणि वेगासाठी पुढे 320 हॉर्सपॉवरचं इंजिन बसवावं का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : वीस वर्षांत 310 तास म्हणजे वर्षाला जेमतेम 15. खाऱ्या पाण्यात उभ्या बोटीला हे भूषण नाही. इंजिन चालण्यापेक्षा मीठ भरून पडून राहण्यानंच जास्त खराब होतं. शिवाय मीटर बदलता येतो, तेव्हा तासांवर भाव ठरवू नका.

आधी विचारा, कूलिंग कुठलं? समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरत असेल, तर बिडाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रायझर (इंजिनचा धूर बाहेर नेणारे भाग) पाच-सात वर्षांत आतून सडतात. शेवटच्या बदलाचं बिल नसेल तर ते संपलेत असं धरूनच किंमत बोला. हा भाग सडला की पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन गेलं. तपासायला आठही प्लग काढा. एखाद्यावर तांबूस गंज किंवा थेंब दिसला तर रायझर खोलून गॅस्केटची कड बघा. आतल्या बाजूला गंजाचा ओघळ असेल तर पाणी झिरपतंय. प्लग निघालेच आहेत तर कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला दाब) घ्या. 150 पीएसआयच्या आसपास आणि आठही एकमेकांच्या जवळ हवेत. एखादाच 110 दाखवत असेल तर सौदा थांबवा.

मग ड्राइव्ह. खालचा स्क्रू सैल करून थोडं गिअर ऑइल वाटीत घ्या. दुधाळ असेल तर सील गेलेत. स्क्रूच्या चुंबकावर राखाडी चिखल चालेल, पण कपच्या नकोत. ट्रान्सम (बोटीची मागची भिंत) आणि ड्राइव्हमधले रबरी बेलो (घडीदार नळ्या) ड्राइव्ह पूर्ण वळवून, घड्या उघडून बघा. यू-जॉइंटचा (इंजिनची ताकद ड्राइव्हला देणाऱ्या सांध्याचा) बेलो फाटला की पाणी थेट बोटीत येतं आणि धक्क्याला उभी बोट रात्रीत बसते. वळताना घरघर ऐकू आली तर गिंबल बेअरिंग (ड्राइव्हच्या शाफ्टला आधार देणारं) गेलंय.

हलची (बोटीच्या मुख्य अंगाची) तपासणी बोट पाण्याबाहेर असतानाच होते. पावसाळ्यासाठी बोटी वर काढतात तो मे अखेरचा काळ त्याला उत्तम. प्लास्टिकच्या हातोडीनं ट्रान्सम इंचाइंचानं ठोका. खणखणीत आवाज चांगला, दबका वाईट. खास लक्ष द्यायचं ते शिडी, ट्रिम टॅब (बोटीचा कल सावरणाऱ्या मागच्या पट्ट्या), फिश फाइंडर (मासे शोधणारं यंत्र) यांच्या स्क्रूभोवती. सीलंट न लावता पाडलेल्या भोकांतूनच पाणी आतल्या प्लायवूडमध्ये जातं.

चाचणीला गेलात की इंजिनवर आधी हात ठेवा. ते थंडच असलं पाहिजे. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन काहीतरी लपवतंय. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम मॅन्युअलच्या पट्ट्यात यायला हवेत. समजा पट्टा 4,400 ते 4,800 आहे आणि काटा 4,100 वरच अडला, तर आधी तळाचे शिंपले खरवडा. तरी फरक नाही तर पंख्याचा (प्रोपेलरचा) पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे जाण्याचं अंतर, 2 इंच कमी करा. एका इंचाला 150 ते 200 आरपीएमचा फरक पडतो.

कागदांत महाराष्ट्र सागरी मंडळाकडची नोंदणी आणि आयातीच्या वेळचे कस्टमचे कागद बघा. ट्रान्समवर उजवीकडे वरच्या कडेला 12 अक्षरी हल क्रमांक असतो, त्याचे शेवटचे दोन अंक म्हणजे मॉडेलचं वर्ष. ते 04 नसतील तर बाकीचं बोलणं नंतर.

आता 320 चं इंजिन. आमचं मत, नको. वेगात पाण्यावर उचलली जाऊन घसरत धावणाऱ्या हलचा वेग ताकदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. 23 टक्के ताकद वाढवून वेग वाढतो सुमारे 11 टक्के, म्हणजे ताशी 60 किलोमीटरचे 66. त्यातून अल्फा ड्राइव्ह साधारण 300 हॉर्सपॉवरपर्यंतचाच. म्हणजे ड्राइव्ह आणि ट्रान्सम असेंब्लीही बदलणं आलं.

तोच पैसा आधी इंधनाच्या लाइनवर घाला. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि मर्क्रूझरची जुनी मॅन्युअल्स 10 टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. जुने होज आतून सुटतात, इथेनॉल पाणी ओढतं आणि टाकीच्या तळाशी वेगळा थर बसतो. इथेनॉलला टिकणारे मरीन होज आणि 10 मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर लगेच बसवा. मग मॅनिफोल्ड, बेलो आणि इम्पेलर (कूलिंगचं पाणी ओढणारं रबरी चाक). पैसे उरले तर चार पात्यांचा स्टेनलेस पंखा आणि ट्रिम टॅब. बोट लवकर वर उचलली जाते आणि लाटेत हातात राहते.

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत रेलिंग, ब्रॅकेट सुरेख बनवून मिळतील, फक्त स्टील 316 मागा. 304 ला खाऱ्या हवेत डाग पडतात. पण अल्टरनेटर, स्टार्टर, फ्यूल पंप मात्र गाडीचे कधीच लावू नका, दिसायला हुबेहूब असले तरी. मरीन भागांतली ठिणगी बाहेर पडत नाही. बोटीच्या बिल्जमध्ये (तळाच्या पोकळीत) पेट्रोलची वाफ साचते आणि तिथे एक ठिणगी पुरते. त्याच कारणानं स्टार्ट करण्याआधी चार मिनिटं वाफ बाहेर काढणारा ब्लोअर चालवायचा.

प्रश्न : अशीच बोट गंगापूर धरणात आणता येईल का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : धरणावर बोट क्लब आहे म्हणून खासगी बोटही चालेल असं नाही. जलाशय जलसंपदा विभागाचा, त्यांची लेखी परवानगी लागेल. आणि हे शहराचं पिण्याचं पाणी असल्यानं टॉयलेट असलेल्या पेट्रोल बोटीला ती मिळणं अवघड. शिवाय मुंबईहून रस्त्यानं आणणं कठीण : वाटेत कसारा घाट आहे, आणि 28 फुटी बोट बहुधा अडीच मीटरहून रुंद असते. धरणातच फिरायचं असेल तर उघडी, लहान, चार-स्ट्रोक आउटबोर्डची बोट बघा. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास 600 मीटर उंच, त्यामुळे इंजिनाची ताकद सहा टक्क्यांच्या आसपास घटते. पंखा घेताना किनाऱ्यावरच्यापेक्षा एक इंच कमी पिचचा घ्या.