दुसऱ्या पिढीत ३:१ आले, तरी गुण लिंगसहलग्न कसा?

तुमचा प्रश्न मला असा समजला: शुद्ध वाणाची तांबड्या डोळ्यांची मादी आणि पांढऱ्या डोळ्यांचा नर यांच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळ्याच फलमाश्या तांबड्या डोळ्यांच्या निघाल्या, त्यांच्या आपसांतील संकरातून दुसऱ्या पिढीत तांबडे व पांढरे यांचे प्रमाण ३:१ आले, आणि तरीही पाठीमागे दिलेल्या उत्तरात हा गुण लिंगसहलग्न, म्हणजे त्याचे जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर (येथे एक्सवर), असल्याचे म्हटले आहे. मेंडेलचे ओळखीचे प्रमाण समोर दिसत असताना हा निष्कर्ष कशावरून काढायचा?

नुसत्या ३:१ वरून तो निघत नाही, ही तुमची शंका रास्त आहे. विद्यार्थी असताना मीही माश्या मोजण्यासाठी वहीत तांबडे आणि पांढरे असे दोनच रकाने आखले होते, आणि मोजलेल्या माश्या टाकून दिल्यावर लक्षात आले की ज्या माहितीसाठी प्रयोग केला, तीच नोंदवायची राहिली. रकाने चार हवेत, कारण नर आणि मादी वेगवेगळे मोजल्याशिवाय हे कोडे सुटत नाही.

नराकडे एकच एक्स गुणसूत्र असते आणि ते त्याला आईकडूनच मिळते. मादीला एक एक्स आईकडून आणि एक बापाकडून मिळतो. तुमच्या संकरात पहिल्या पिढीतील नरांना आईचा तांबडा एक्स (म्हणजे तांबड्या डोळ्यांचे जनुक असलेला) मिळाला, तर माद्यांना एक तांबडा आणि एक पांढरा मिळाला. तांबडा प्रभावी असल्याने सगळे सारखेच दिसले. दुसऱ्या पिढीतील प्रत्येक मादीला बापाचा तांबडा एक्स मिळतोच, म्हणून एकही मादी पांढऱ्या डोळ्यांची होऊ शकत नाही; नरांना मात्र आईच्या दोनपैकी कोणताही एक्स मिळतो, म्हणून ते निम्मे तांबडे आणि निम्मे पांढरे होतात. म्हणजे तुमचे ३:१ हे वस्तुतः तांबड्या माद्या, तांबडे नर आणि पांढरे नर यांचे २:१:१ असे प्रमाण आहे. जनुक अलिंगी (म्हणजे लिंग न ठरवणाऱ्या) गुणसूत्रावर असते, तर ३:१ हे प्रमाण माद्यांमध्ये आणि नरांमध्ये स्वतंत्रपणे दिसले असते.

फलमाश्यांवर हे प्रयोग करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेले आकडे या दृष्टीने मुद्दाम पाहावेत. त्यांच्या दुसऱ्या पिढीत २४५९ तांबड्या माद्या, १०११ तांबडे नर आणि ७८२ पांढरे नर होते. एकूण प्रमाण काढले तर ते ३:१ सुद्धा नाही, जवळजवळ ४.४:१ आहे, आणि नरांपुरती १:१ ची अपेक्षा धरून कायवर्ग चाचणी (प्रत्यक्ष आणि अपेक्षित आकड्यांतील फरक योगायोगाचा आहे का, हे तपासण्याची पद्धत) केली, तर किंमत सुमारे २९ येते, जिथे ५ टक्के पातळीची मर्यादा ३.८४ आहे. केवळ प्रमाणाच्या मागे लागणारा विद्यार्थी येथे गृहीतक फेटाळून मोकळा होईल. पण गुण अलिंगी असता तर २४५९ माद्यांपैकी सहाशेच्या वर माद्या पांढऱ्या डोळ्यांच्या हव्या होत्या, आणि सापडली एकही नाही. पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या कमी जगतात, त्यामुळे नरांचे प्रमाण ढळले. एका वर्गाचे पूर्ण शून्य असणे मात्र जगण्या-मरण्याच्या अशा फरकाने समजावता येत नाही. (त्या काळात पांढऱ्या डोळ्यांच्या माद्याच जगत नसतील, अशी शंका कोणी घेतली असती, परंतु पहिल्या पिढीतील माद्यांचा पांढऱ्या नराशी संकर केल्यावर मॉर्गन यांना अशा ८८ माद्या मिळाल्या.)

खात्री करण्याचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे उलट संकर: मादी पांढऱ्या डोळ्यांची आणि नर तांबड्या डोळ्यांचा. आता पहिल्याच पिढीत मुली बापासारख्या तांबड्या आणि मुलगे आईसारखे पांढरे निघतात, आणि दुसऱ्या पिढीत दोन्ही लिंगांत १:१ येते. अलिंगी जनुकाच्या बाबतीत संकर सुलटा केला काय आणि उलटा केला काय, निकाल एकच. या उलट संकरात साधारण दोन हजारांत एखादी माशी नियम मोडते. मॉर्गन यांचे विद्यार्थी कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी अशाच अपवादी माश्यांमध्ये गुणसूत्रे विलग न झाल्याचे दाखवून जनुके गुणसूत्रांवर असतात याचा भक्कम पुरावा दिला, त्यामुळे दोन-चार अपवाद दिसले म्हणून गांगरू नये.

येथे एक सावधगिरी सांगतो, कारण बहुतेक चुका इथेच होतात. पक्ष्यांमध्ये मादी झेड-डब्ल्यू आणि नर झेड-झेड असतो, त्यामुळे सगळे चित्र आरशातल्यासारखे उलटते: पट्टेदार पिसांची कोंबडी आणि बिनपट्ट्यांचा कोंबडा यांची नर पिल्ले पट्टेदार आणि मादी पिल्ले बिनपट्ट्यांची होतात. म्हणून ‘मुलगे आईवर जातात’ असे पाठ करू नका; ज्या लिंगाकडे दोन भिन्न लिंगगुणसूत्रे असतात, त्या लिंगाची पिल्ले समान गुणसूत्रांच्या पालकाचा गुण दाखवतात, असे लक्षात ठेवा.

नर-मादीत फरक दिसला म्हणजे गुण लिंगसहलग्न, असेही नाही. डॉर्सेट जातीच्या शिंगे असलेल्या आणि सफोक जातीच्या बिनशिंगी मेंढ्यांच्या संकरात पहिल्या पिढीतील नरांना शिंगे येतात, माद्यांना येत नाहीत. परंतु संकर कोणत्याही बाजूने केला तरी निकाल तोच राहतो. जनुक अलिंगी आहे, फक्त त्याचे प्रभावी असणे लिंगावर अवलंबून आहे. याच्या उलट, उलट संकराने निकाल बदलतो पण मुलगे-मुली सगळेच आईसारखे निघतात, तेव्हा तंतुकणिकेतील (पेशीतील, फक्त आईकडून मिळणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातील) जनुकाचा विचार करावा.

दोन गुणांचे उदाहरण आले, तर दोन्ही एकदम सोडवायला जाऊ नका. समजा तुमच्याच संकरात पांढऱ्या डोळ्यांच्या नराचे पंखही खुरटे आहेत आणि खुरट्या पंखांचे अप्रभावी जनुक अलिंगी गुणसूत्रावर आहे. पंखांचे ३:१ प्रत्येक लिंगात वेगळे मांडा, डोळ्यांचे वरीलप्रमाणे मांडा आणि मग गुणाकार करा: सोळांपैकी माद्यांमध्ये ६ लांब पंखांच्या तांबड्या व २ खुरट्या पंखांच्या तांबड्या, आणि नरांमध्ये ३ लांब तांबडे, ३ लांब पांढरे, १ खुरटा तांबडा व १ खुरटा पांढरा असे उत्तर येते.