लॉकडाऊनमुळे टाइप २ मधुमेह असलेल्या सगळ्यांचीच साखर वाढली का?

नाही, काहींची वाढली, तर काहींची चक्क उतरली. २५ मार्च २०२० पासून फिरणं थांबलं, घरात बसून खाणं वाढलं, तपासण्या लांबल्या, कुणाच्या गोळ्या चुकल्या. त्यांची साखर चढली. उलट ज्यांचं बाहेरचं खाणं बंद झालं, जेवणाच्या आणि गोळ्यांच्या वेळा लागल्या, त्यांना फायदाच झाला. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांतही असंच संमिश्र चित्र आहे. तुलना करायची तर एचबीए१सी ही रक्ततपासणी बघा, कारण त्यात मागच्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी कळते; सकाळच्या एका उपाशीपोटीच्या आकड्यावर जाऊ नका. मात्र कोविड होऊन स्टेरॉइड घ्यावं लागलं असेल, तर वाढलेल्या साखरेचं खापर लॉकडाऊनवर फोडता येणार नाही. स्टेरॉइडने साखर वाढतेच.