हेल्दी, फिट की वेल?

टायफॉइडच्या रजेनंतर कामावर परतताना 'आय अ‍ॅम नाऊ हेल्दी' असं लिहिलं, तर सहकाऱ्याने ते खोडून 'फिट' केलं; बरोबर काय, असा प्रश्न आहे.

सहकाऱ्याचं बरोबर आहे. हेल्दी ही सहसा दीर्घकाळची अवस्था. एरवी निरोगी असलेल्या माणसाला सर्दी-ताप आला तरी तो हेल्दीच, फक्त आज वेल नाही. म्हणून 'नाऊ हेल्दी' कानाला खटकतं. आजारातून उठलेल्याने 'आय अ‍ॅम वेल नाऊ' म्हणावं.

वेलला आपला 'बरा' अगदी चपखल बसतो. 'आता बरा आहे' यात आजार मागे पडल्याचं आपोआप येतं. गंमत पुढे आहे. 'तो बरा आहे' हे प्रकृतीबद्दल होऊ शकतं, पण 'बरा माणूस' म्हटलं की आपण स्वभावाबद्दल बोलू लागतो. इंग्रजीतला हा वेलसुद्धा नामाच्या आधी सहसा येत नाही, तिथे हेल्दी येतो. दोन भाषांतल्या या शब्दांची खोड इतकी सारखी असावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

फिटचा मूळ अर्थ योग्य, जोगा. त्यामुळे फिट म्हटलं की 'कशासाठी?' हा प्रश्न मागोमाग येतो. कामावर रुजू होण्याजोगा, धावण्याजोगा. मधुमेह असलेला माणूस मॅरेथॉन पळतो तेव्हा तो फिट असतोच. आणि सगळे रिपोर्ट चांगले असलेल्याला तीन जिने चढून धाप लागली, तर तो हेल्दी असूनही फिट नाही. तुमच्या पत्रात कामाचा संदर्भ आहे, म्हणून 'फिट टू रिझ्यूम वर्क'.

अन्नाला हेल्दी म्हणू नये, हेल्थफुल म्हणावं, असं काही काटेकोर लोक सांगतात. मला ते पटत नाही. हेल्दी हा शब्द 'आरोग्याला हितकर' या अर्थाने सोळाव्या शतकापासून वापरात आहे.

जाता जाता, हेल्थ हा शब्द होल म्हणजे अखंड, याच कुळातला. जखम भरून येण्याचा हीलही तिथलाच. आपलं आरोग्य 'अरोग'वरून आलं, म्हणजे रोग नसणं. संस्कृतातला स्वस्थ म्हणजे स्वतःत स्थिर असलेला. मराठीत मात्र तो बहुधा शांत, निवांत या अर्थाने येतो, आणि आजाऱ्यालाही आपण तेच सांगतो: 'दोन दिवस स्वस्थ पडून राहा.'