आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून संधिवात नाही, असं होत नाही

ताई, तुम्ही लिहिलंय की गेले तीन महिने सकाळी बोटं आखडतात, दोन्ही मनगटं सुजतात, डोंबिवलीच्या फॅमिली डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं, आरए फॅक्टर ही रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणून घरचे म्हणतायत काही नाही, आंबट बंद कर, आणि आता जाऊबाई कुठल्यातरी पुडीवाल्याचा पत्ता देतायत. मी डॉक्टर नाही, पण आरएची, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस या संधिवाताची, जुनी पेशंट आहे, परळच्या ओपीडीच्या बाकड्यावर बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी रिपोर्टचं. आरए असलेल्या साधारण 20 ते 30 टक्के लोकांचा आरए फॅक्टर निगेटिव्हच येतो. आणि उलटंही होतं, धडधाकट माणसाचा किंवा टीबी, हिपॅटायटिस झालेल्याचा पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणून सोबत अँटी सीसीपी, ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्या करतात, पण खरं निदान हात बघून आणि तुमचं ऐकून होतं. एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ येऊ शकतो, तो बघून निश्चिंत होऊ नका.

तुम्ही एक गोष्ट सहज लिहून गेलात, तीच माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे, की चहाच्या कपाचा कान धरता येत नाही, पण मुलगा शाळेत गेला की साडेनवाच्या सुमाराला हात मोकळे होतात. म्हणजे चांगले तीन तास झाले की! गुडघेदुखी असते ना आपल्या आयांची, झीज झालेली, त्यात सकाळचं आखडणं साधारण अर्ध्या तासात जातं आणि मग दिवसभर चालून, जिने चढून दुखणं वाढतं. आरएमध्ये उलटं, बसून राहिलं की आखडतं, हालचाल केली की सुटतं, आणि दोन्ही बाजूंना सारखं असतं. बोटांची मुळं, मधले सांधे, मनगटं धरतात, नखाजवळचं शेवटचं पेर बहुतेक वेळा वाचतं. कुणाला तरी हस्तांदोलन करतात तसा तुमचा पंजा बोटांच्या मुळांवर आडवा दाबायला सांगा, कळवळलात तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

पण मी इथे बसून आरएचा शिक्का मारणार नाही. संधिवात या नावाखाली शंभराच्या वर आजार येतात. पावसाळ्यात ताप येऊन गेला होता का? चिकनगुनियानंतर महिनोन् महिने अगदी आरएसारखेच सांधे धरतात. सोरायसिस आहे का घरात कुणाला? त्या त्वचेच्या आजारासोबतही सांधे धरतात. युरिक अ‍ॅसिडचा गाऊट बहुतेकदा पायाच्या अंगठ्यापासून, रात्रीत भडकतो, तुमचं तसं वाटत नाही. आणि एएसओ टायटर (घशाच्या जंतुसंसर्गाची रक्ततपासणी) वाढलंय म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्या असं कुणी सांगितलं तर आधी विचारा का म्हणून, ते रुमॅटिक फीव्हरसाठी असतं, तो बहुतेक लहान मुलांना घसा बिघडल्यावर होतो आणि हृदयाच्या झडपांना धरतो, नाव सारखं असलं तरी हा आजार वेगळा.

म्हणून ऑर्थोपेडिककडे नाही, रुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञाकडे जा. परळच्या केईएम हॉस्पिटलला रुमॅटॉलॉजीचा वेगळा विभाग आहे, कुठल्या वारी ओपीडी असते ते आधी विचारून सकाळी लवकर निघा. आणि हे "दिवाळी झाल्यावर बघू" म्हणायचं काम नाही. आरएमध्ये शरीराची स्वतःचीच पोलीस यंत्रणा, म्हणजे प्रतिकारशक्ती, सांध्याच्या आतल्या अस्तरावर लाठीमार करत असते, ती सूज पुढे हाड कुरतडते, आणि एकदा कुरतडलेलं परत भरून येत नाही. औषध सुरुवातीच्या महिन्यांत सुरू झालं तर सांधा वाचायची शक्यता खूप जास्त.

औषध बहुधा मेथोट्रेक्सेट असेल. हे आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, एकदाच! रोज घेऊन माणसं दगावली आहेत. माझा रविवार ठरलाय, डबीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टर सांगतील त्या वेगळ्या दिवशी. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, तेवढ्यात धीर सोडून बंद करू नका, आणि लिव्हर आणि सीबीसीच्या (रक्तपेशींच्या) तपासण्या चुकवू नका.

आता ती पुडी. दुसऱ्या दिवशी जादू झाल्यासारखं वाटलं तर समजा आत स्टेरॉइड असायची दाट शक्यता आहे. 1948 साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी आरएच्या पेशंटला कॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिलं, काही दिवसांत बाई चालायला लागल्या, 1950 मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. पण मागोमाग दुष्परिणाम कळले, चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. डॉक्टरही स्टेरॉइड देतात, पण मोजून, थोड्या दिवसांसाठी, आणि हळूहळू कमी करत. पुडीत किती आहे ते कुणालाच माहीत नसतं आणि अचानक थांबवली तर जिवावर बेतू शकतं. जाऊबाईंना गोड बोलून टाळा.

दही, टोमॅटो, लिंबू खुशाल खा. तारली-बांगड्यातलं तेल आरएला थोडं चांगलंच, गंमत म्हणजे गाऊटवाल्याला तेच मासे त्रास देतात, म्हणून शेजारणीचं पथ्य आपल्याला लावू नये. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर मात्र त्यांना बाल्कनीचाही रस्ता दाखवू नका, थेट सोडायला सांगा.

हातांचं म्हणाल तर चादरी पिळू नका, नळाला अडकवून पाणी निथळू द्या. कढई एका हाताने कानाला धरून उचलायची नाही, दोन्ही तळव्यांवर घ्या. भाजीची पिशवी बोटांत लटकवण्यापेक्षा खांद्याला. सूज असलेल्या दिवशी जोर लावू नका, पण कोमट पाण्यात बोटं हळू उघडमीट कराच, नाहीतर कायमची आखडतील. आणि गर्दीच्या लोकलमध्ये दाराशी उभं राहू नका हो, सकाळी पकड सुटते, आत शिरा किंवा एखादी स्लो पकडा.

भेटीला जाताना सुजलेल्या हाताचे सकाळचे फोटो मोबाइलवर ठेवा, कारण नंबर येईपर्यंत सूज उतरलेली असते. आणि वय 34 लिहिलंय, दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, मेथोट्रेक्सेट गरोदरपणात अजिबात चालत नाही, चान्स घ्यायच्या आधीच काही महिने बंद करावं लागतं आणि त्याऐवजी चालणारी दुसरी औषधं आहेत.