घटाचं विभव काढताना चांदीची अर्ध-अभिक्रिया (इलेक्ट्रॉन घेण्याची किंवा सोडण्याची अर्धी बाजू) दोनने गुणली, तर तिच्या ०.८० व्होल्ट विभवालाही दोनने गुणायचं का?

नाही. तुमचं १.२६ व्होल्ट उत्तर (२ × ०.८० − ०.३४) तिथेच चुकलंय. तुम्ही प्रश्नात दिलेली अभिक्रिया अशी आहे: तांबे + २ सिल्व्हर आयन → कॉपर आयन + २ चांदी. तक्त्यातली प्रमाण क्षपण विभवं (इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ, व्होल्टमध्ये) चांदीसाठी +०.८० आणि तांब्यासाठी +०.३४ व्होल्ट. सिल्व्हर आयन इलेक्ट्रॉन घेतोय म्हणून चांदी कॅथोड, तांबं इलेक्ट्रॉन सोडतंय म्हणून ते ॲनोड. कॅथोडमधून ॲनोड वजा करा: ०.८० − ०.३४ = ०.४६ व्होल्ट. पुस्तकातलं ०.४६ हे उत्तर बरोबर आहे.

दोनने गुणायचं ते फक्त इलेक्ट्रॉन जुळवण्यासाठी. तांबं दोन सोडतं, एक सिल्व्हर आयन एकच घेतो, म्हणून तो दोनदा लिहावा लागतो. पण विभव म्हणजे दर कूलोंबमागे मिळणारी ऊर्जा. गंगापूर धरणाचा एक दरवाजा उघडला काय नि दोन उघडले काय, खाली येणारं पाणी दुप्पट होईल, पाण्याची उंची दुप्पट होत नाही. विभव ही ती उंची. दुप्पट होते ती एकूण ऊर्जा, आणि तिच्या सूत्रात इलेक्ट्रॉनची संख्या आधीच धरलेली असते: डेल्टा जी (मुक्त ऊर्जेतला बदल) = −(इलेक्ट्रॉन संख्या) × ९६५०० × विभव. इथे −२ × ९६५०० × ०.४६, म्हणजे सुमारे −८८.८ किलोजूल. तुम्ही विभवालाही गुणलंत तर तोच दोन दोनदा मोजला जातो.

चिन्हाची चूकही बरेच जण करतात. तांब्याची अभिक्रिया उलटी लिहून +०.३४ चं −०.३४ करायचं आणि पुन्हा ‘कॅथोड वजा ॲनोड’ लावायचं, की येतं १.१४. चिन्ह बदललं असेल तर बेरीज करा. वजाबाकी करणार असाल तर तक्त्यातला आकडा जसाच्या तसा घ्या. मी दुसरी पद्धत वापरायला सांगेन, तिच्यात चुकायला जागा कमी.

गुणाकार करावाच लागतो अशी एक जागा मात्र आहे: दोन अर्ध-अभिक्रिया जोडून तिसरी अर्ध-अभिक्रियाच हवी असते तेव्हा. लोखंडाचे दोन आयन घ्या, फेरिक (+३) आणि फेरस (+२): फेरिक ते फेरस +०.७७ (१ इलेक्ट्रॉन), फेरस ते लोखंड −०.४४ (२ इलेक्ट्रॉन). फेरिक ते लोखंड ०.३३ नाही. (१ × ०.७७ + २ × −०.४४) ÷ ३, म्हणजे साधारण −०.०४ व्होल्ट. इथे इलेक्ट्रॉन एकमेकांना छेदून जात नाहीत, म्हणून ऊर्जेवरून जावं लागतं.

तुम्हाला याच अभिक्रियेचा विद्युत घट प्रकल्पासाठी मांडायचाय, म्हणून पुढचं. ०.४६ हे दोन्ही द्रावणं १ मोलर (लिटरमागे एक मोल) असतानाचं. इतकं सिल्व्हर नायट्रेट परवडणार नाही. १०० मिली पाण्यात ०.१७ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट (०.०१ मोलर) आणि दुसऱ्या १०० मिलीत २.५ ग्रॅम मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट (०.१ मोलर) पुरे. मग नर्न्स्ट समीकरण, म्हणजे द्रावणाच्या संहतीप्रमाणे (तीव्रतेप्रमाणे) विभव किती बदलतं ते सांगणारं सूत्र: ०.४६ − (०.०५९२ ÷ २) × लॉग (०.१ ÷ ०.०१ चा वर्ग). कंसात १०००, लॉग ३, उत्तर ०.३७ व्होल्ट. बघा, तुमचा तो दोन इथे खरा कामाला येतो, वर्गाच्या रूपात. ०.०५९२ हा आकडा २५ अंशांचा. नाशिकच्या थंडीत सकाळी खोली १० अंशांवर असेल तर ०.०५६२ घ्या.

पाणी डिस्टिल्डच हवं. नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडने सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका होतो आणि चांदीचे आयन कमी होतात. त्याच कारणाने सॉल्ट ब्रिजला (दोन द्रावणं जोडणाऱ्या क्षाराच्या पुलाला) पोटॅशियम क्लोराइड नको, पोटॅशियम नायट्रेटमध्ये भिजवलेली फिल्टर पेपरची पट्टी घ्या. सराफ बाजारात तार मागताना शुद्ध चांदीची मागा, दागिन्यांच्या चांदीत तांबं मिसळलेलं असतं. भांडी बाजारातून पत्रा आणलात तर तो तांब्याचाच आहे ना बघा; पितळेत जस्त असतं. तांबं पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. ते चांदीच्या द्रावणात अजिबात बुडवू नका, नाहीतर चांदी थेट त्याच्यावरच चढते आणि तारेतून काहीच जात नाही. हातमोजे घाला, सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग कातडीवर बरेच दिवस राहतात.

डिजिटल मल्टीमीटर लावा. बल्ब जोडून मोजलंत तर प्रवाह वाहू लागतो आणि आकडा कोसळतो. ३०-४० मिलिव्होल्टचा फरक आला तर घाबरू नका: सूत्रात आपण संहती घालतो, पण द्रावणातले आयन एकमेकांना ओढत असतात, त्यामुळे ते संहतीइतके परिणामकारक नसतात. आणि आकडा उणे दिसला तर लाल प्रोब तांब्याला लागलाय, तो चांदीला लावा.